किनोसाकीची शिस्त आणि तेवीस वर्षांचा खटला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जपानमधल्या गरम पाण्याच्या गावांवरचा लेख वाचला. लेख चवीने लिहिलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी लेखकमहाशय म्हणतात की शिस्त त्या लोकांच्या रक्तातच आहे आणि आपल्याला ती साता जन्मांत जमायची नाही. ते वाचून हे पत्र लिहायला बसले. मी संगमेश्वर तालुक्यात ग्रामसेविका होते (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच, पाटी नवी). रक्तातली शिस्त हा प्रकार मला उभ्या नोकरीत कुठे आढळला नाही. आढळले ते ठराव, पावत्या आणि भांडणं. लेखात ज्या किनोसाकीचं वर्णन आहे, तिथे गेल्या हिवाळ्यात मी लेकीबरोबर राहून आले. तिथेही खोदून विचारल्यावर मला तेच आढळलं: ठराव, पावत्या आणि एक जंगी भांडण.

किनोसाकी हे ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाचं, समुद्राजवळचं गाव. लेक ओसाकाला नोकरीला असते, तिथून थेट एक्स्प्रेस आहे, पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. स्टेशनाबाहेर पाय टाकला की समोर लाकडी खडावांची मांडणी दिसते. तिथे जुन्या पद्धतीच्या उतारशाळांना रयोकान म्हणतात. प्रत्येक जोडावर एकेका रयोकानचं नाव. गावाच्या मधोमध ओतानी नदी वाहते. नदी म्हणायचं आपलं, आमच्याकडच्या पऱ्याएवढी. दोन्ही काठांना खाली झुकलेली विलोची झाडं, वर कमानदार पूल आणि कडेने दोन-तीन मजली लाकडी घरं. गावात सात सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. आलेल्या पाहुण्याने खोलीत पिशवी टाकायची, रयोकानने दिलेला युकाता म्हणजे सुती झगा अंगावर चढवायचा, थंडीत वरून जाड डगला, पायात खडावा, आणि एकेक न्हाणीघर करत गावभर हिंडायचं. रयोकानवाले एक बारकोडचा कागद देतात, तो दाखवला की सातही ठिकाणी प्रवेश. पैसे खोलीच्या भाड्यातच धरलेले असतात. रात्री नऊला बाहेर कडाक्याची थंडी आणि रस्त्यावर खडावांचा खटखटाट चाललेला. आजी-आजोबा, कॉलेजातली पोरं, कडेवर मूल घेतलेले बाप, सगळे न्हाऊन लाल झालेले. गावातले लोक सांगतात की आमचं सगळं गाव मिळून एकच रयोकान आहे: स्टेशन हा दरवाजा, रस्ता हा आतला बोळ, रयोकान या खोल्या आणि ती सात न्हाणीघरं ही मोरी.

आता बायका हमखास विचारतात तो प्रश्न. होय, अंगावर काहीही नसतं. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, दारावर पडदा असतो. आत गेल्यावर कपडे टोपलीत काढून ठेवायचे आणि हातरुमालाएवढा एक पंचा घेऊन पुढे जायचं. मला पहिली पाच मिनिटं जड गेली. नंतर लक्षात आलं की इथे कुणी कुणाकडे बघतच नाहीये. प्रत्येक जण आपापल्या कामात, आणि काम म्हणजे अंग घासणं. भिंतीला लागून नळ, प्रत्येक नळापुढे एक बुटकं स्टूल, एक बादली, साबण. तिथे बसून डोक्यापासून टाचेपर्यंत घासूनपुसून धुवायचं, साबणाचा फेस निघून जाईपर्यंत पाणी घ्यायचं, बसलेली जागा आणि स्टूलसुद्धा धुवायचं, आणि मगच कुंडात उतरायचं. केस वर बांधलेले. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, तो डोक्यावर घडी करून ठेवायचा. माझ्या शेजारी एक आजी नातीची पाठ घासत होत्या. नात चार-पाच वर्षांची, कुंडाकडे पळू बघत होती. आजी तिला दंडाला धरून परत स्टुलावर बसवत होत्या. पोरगी मुसमुसली, तरी आजींनी पाठ पुरी केलीच. रक्तातल्या शिस्तीविषयी मला जे म्हणायचं आहे ते त्या आजींना आधीच ठाऊक होतं.

पाणी ओठांना किंचित खारट लागतं. अंगाला चटका बसेल असं वाटतं आणि मग सांधे एकेक करून सुटे होत जातात. माझ्या गुडघ्यांनी तिथे राहायचाच अर्ज केला असता.

माझ्या कोपराखाली तुळस गोंदलेली आहे, आईने लहानपणी गोंदवून घेतलेली. लेकीला त्याचीच धास्ती, कारण जपानात गुंडांच्या टोळ्यांमुळे गोंदणाकडे वाकड्या नजरेने बघतात आणि कित्येक स्नानगृहांत अंगावर गोंदण असलेल्याला घेतच नाहीत. किनोसाकीच्या सातही न्हाणीघरांत गोंदण चालतं. त्याच आजींनी माझा हात बघून लेकीला काहीतरी विचारलं. देवाचं झाड आहे, असं लेकीने सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या गुडघ्यावरची शस्त्रक्रियेची खूण मला दाखवली.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम उभी राहून बघितली. न्हाणीघराच्या दाराशी सगळ्यांच्या खडावा काढलेल्या असतात, एकसारख्या, ढिगाने. आम्ही बाहेर आलो तर दारावरच्या माणसाने काही न विचारता आमच्या रयोकानच्या खडावा पुढे ठेवल्या. लेकीने विचारलं तर म्हणाला, युकात्याच्या नक्षीवरून कळतं. प्रत्येक रयोकानची नक्षी निराळी, आणि गावात रयोकान डझनांनी.

हे सगळं बघून आपल्या लेखकमहाशयांसारखंच मलाही पहिल्यांदा वाटलं की काय लोक आहेत! पण एक शंका डोक्यातून जाईना. आमच्या रयोकानात आतही गरम पाण्याची न्हाणी होती, पण अगदी लहान, चार माणसं बसली तर दाटी व्हावी एवढी. एवढं भाडं घेणारा मालक मोठी का बांधत नाही? हॉटेलवाल्याचा स्वभाव जगभर सारखाच. त्याला वाटणार, पाहुणा आपल्याच छपराखाली जेवावा, न्हावा, खर्चावा. मालकीणबाईंना लेकीच्या मार्फत विचारलं, आणि मग त्यांनी जी हकिकत सांगितली, ती आपल्या लेखात आली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मे १९२५ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला आणि मागोमाग लागलेल्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं. आज फोटोत जे जुनं गाव म्हणून दिसतं ते त्यानंतर उभारलेलं आहे. तोवर गावात कुठल्याही रयोकानात आत न्हाणी नव्हती. पाणी गावाचं, न्हायचं ते गावाच्या न्हाणीघरात, हा शेकडो वर्षांचा वहिवाटीचा कायदा. गाव पुन्हा उभं राहत असताना, १९२७ मध्ये, एका रयोकानने आपल्याच आवारात गरम पाण्याची न्हाणी केली. गाव उठलं. जमीन ज्याची त्याचंच जमिनीखालचं गरम पाणी, की पाणी सगळ्या गावाचं? प्रकरण कोर्टात गेलं आणि थोडंथोडकं नाही, तेवीस वर्षं चाललं. मधे महायुद्ध होऊन गेलं, देश हरला, बेचिराख झाला, सावरायला लागला, तरी किनोसाकीचा पाण्याचा खटला चालूच. एवढ्या काळात गावात रोटीव्यवहार तरी शिल्लक राहिला असेल का, असा प्रश्न माझ्या मनात आला. ज्यांनी पाणवठ्याचे तंटे जवळून पाहिलेत त्यांना हा प्रश्न कळेल.

अखेर १९५० मध्ये तडजोड झाली. गरम पाण्यावर हक्क गावाच्या सामाईक मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचा राहील. रयोकानांना आत न्हाणी ठेवता येईल, पण ती लहान, ठरवून दिलेल्या मापातच. पुढे सगळे झरे एकत्र करून गावभर पाइपाने पाणी पुरवायची मध्यवर्ती व्यवस्था झाली, ती १९७२ ची. वेगवेगळ्या झऱ्यांचं पाणी वेगवेगळ्या तापमानाचं, काही ऐंशी अंशांच्या पुढचं. ते एकत्र करून सारखं वाटायचं म्हणजे कुणाच्या परसात जास्त आणि कुणाच्या परसात कमी हा वादच मिटला. आता बघा, आतली न्हाणी लहान म्हणून पाहुणा बाहेर पडतो. पाहुणा बाहेर पडतो म्हणून रस्त्यावर रात्री नऊला गजबज असते. गजबज असते म्हणून खडावांचं दुकान चालतं, आइस्क्रीमचं चालतं, अंडी उकडून देणारीचं चालतं. ज्या सौंदर्यावर आपले लेखकमहाशय भाळले, ते त्या तहातल्या एका कलमाचं आहे. मोठी न्हाणी बांधायची मुभा दिली असती तर आज तिथे काचेचे बारा-पंधरा मजली टॉवर, दारात बसगाड्या, आणि नदीकाठी शुकशुकाट दिसला असता. जपानात अशी गरम पाण्याची गावंही आहेत. पाहुणा सकाळी बसमधून उतरतो, आतच न्हातो, आतच जेवतो आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून जातो. तिथली माणसंही जपानीच.

आणखी एक सांगते. त्या सामाईक मालमत्तेच्या संस्थेला तिथल्या कायद्यात स्वतंत्र स्थान आहे. २००५ मध्ये किनोसाकी गाव तोयोओका शहरात विलीन झालं, पण गरम पाणी शहराच्या खिशात गेलं नाही, ते जुन्या गावाच्याच नावावर राहिलं. आमच्याकडे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की गावकीची कुरणं, तळी, स्मशानं यांचं काय होतं ते वाचकांना सांगायला नको.

रक्ताचाच विषय निघालाय तर २००४ सालचं प्रकरण सांगायला हवं. नागानो प्रांतात शिराहोने नावाचं गाव आहे, दुधासारख्या पांढऱ्या पाण्यासाठी प्रसिद्ध. तिथे काही ठिकाणी पाणी पुरेसं पांढरं राहिना म्हणून त्यात चक्क बाजारातली पूड मिसळत होते, ते त्या वर्षी उघडकीला आलं. देशभर गाजलं. त्यानंतर नियम कडक झाले. आता प्रत्येक ठिकाणी लिहून लावावं लागतं की कुंडात साधं पाणी मिसळलंय का, पाणी वेगळं तापवलंय का, तेच तेच फिरवून वापरतायत का, जंतुनाशक घालतात का. मुळात त्यांचा गरम झऱ्यांचा कायदा १९४८ चा. उगमापाशी पाणी किमान २५ अंश असेल किंवा त्यात ठरवून दिलेल्या घटकांपैकी काही असेल तरच त्याला गरम झरा म्हणायचं, आणि पृथक्करणाचा तक्ता भिंतीवर लावायचा. तो तक्ता मी कपडे बदलायच्या खोलीत लेकीकडून वाचून घेतला. किती क्षार, किती तापमान, कुठल्या झऱ्याचं पाणी, तपासणी कधी झाली, सगळं. पृथक्करण दर दहा वर्षांनी नव्याने करावं लागतं. रक्तात प्रामाणिकपणा असता तर तक्त्याची गरज काय होती?

तसाच तिथला स्नानकर. बिलात माणशी दीडशे येन वेगळे दाखवलेले होते. आपले शंभराच्या आत. हा कर स्थानिक संस्था गोळा करते आणि तो झऱ्यांची निगा, स्वच्छता, आग विझवायची साधनं, पर्यटनाच्या सोयी एवढ्यासाठीच असतो. लाकडी घरांचं आणि एकदा जळून गेलेलं गाव आहे, त्यामुळे आगीच्या बंबासाठी पैसे द्यायला मला तरी जड वाटलं नाही. लेक म्हणाली, आई, तू बिल वाचतेस तसं कुणी वाचत नाही. मी म्हटलं, बिलं वाचायचाच पगार घेतला बाई इतकी वर्षं.

नियम शिकवावे लागतात, हे तिथल्या जुन्या लोकांनाही माहीत होतं. गावाच्या डोंगरावर ओनसेन-जी नावाचं बौद्ध देऊळ आहे. दोची नावाच्या साधूने हजार दिवस जप केला आणि इसवी सन ७२० मध्ये गरम पाणी वर आलं, अशी कथा आहे. त्यानेच हे देऊळ स्थापलं म्हणतात. पूर्वी न्हायला येणाऱ्याने आधी देवळात जाऊन दर्शन घ्यायचं, न्हायची रीत समजून घ्यायची आणि तिथून लाकडी पळी घेऊन खाली यायचं, असा रिवाज होता. आता वर जायला रोपवे आहे. झऱ्याची दुसरी कथा करकोच्याची. जखमी करकोचा पाण्यात पाय बुडवून उभा राहायचा, बरा होऊन उडाला, तेव्हा लोकांना पाण्याचा गुण कळला. त्या जागेवरचं न्हाणीघर सगळ्यांत जुनं समजतात. (गंमत अशी की जपानातले जंगली करकोचे पुढे संपलेच, शेवटचा याच भागात १९७१ मध्ये गेला. मग पाळून वाढवलेले २००५ पासून पुन्हा सोडायला लागले, आणि ते जगावेत म्हणून शेतकऱ्यांनी भातावरची औषधं कमी केली. हेही आपोआप झालेलं नाही.)

वेळ असेल त्याने जवळची गेंबुदो ही गुहा जरूर बघावी. काळ्या दगडाचे सहा कोनी खांब, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत त्या जातीचे. बसाल्टच तो, आपल्या सह्याद्रीचा भाऊबंद. मोतोनोरी मात्सुयामा या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये इथल्या दगडाचं चुंबकत्व तपासलं तर ते आजच्या उलट दिशेचं निघालं, आणि त्यावरून पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधीकाळी उलटे होते हे त्याने मांडलं. खेकड्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पायाला बंदराचा बिल्ला लावलेला एक खेकडा केवढ्याला, ते ऐकल्यावर आम्ही मायलेकींनी कुर्ल्या संगमेश्वरातच खायच्या असं ठरवलं.

आता आपल्याकडे येते. आमच्याच तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. कोकणात ही रांग पालघरच्या सातिवली-कोकनेरेपासून वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीचं उन्हवरे अशी थेट राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत जाते. देवाचं पाणी म्हणून लोक श्रद्धेने येतात, सांधेदुखी-खरजेचे लोक येतात. आणि कुंडातच साबण लावतात. शाम्पूच्या पुड्या पायऱ्यांवर. का लावतात? कारण कुंडाबाहेर अंग धुवायला जागाच नसते. कुंडाच्या विकासाचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेलेले आहेत: स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक, भक्तनिवास, बसायला सिमेंटचे बाक. चार नळ आणि आडोसा, बायकांसाठी वेगळा, एवढं कुणी मागितलेलं मला आठवत नाही. किनोसाकीच्या न्हाणीघरांत ती नळांची जागा कुंडाच्या तोडीची असते. तिथे कुणी अंग न धुता कुंडात उतरत नाही, कारण कुंडाकडची वाट त्या नळांवरूनच जाते.

पाण्याच्या नमुन्याचा अहवाल भिंतीवर लावायला शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. यात्रेकरूंवर कर बसवायचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या अधिनियमात, कलम १२४ मध्ये आहेच. तो वापरायचा तर पैसा कुंडावरच खर्च होईल असा ठराव ग्रामसभेने करावा आणि वर्षाचा हिशेब त्याच भिंतीवर लावावा. पण त्याही आधी कुंडाचं पाणी कुणाचं, देवस्थानाचं, गावाचं की शेजारच्या सातबाऱ्यावाल्याचं, हे कागदावर यायला हवं. आज बहुतेक ठिकाणी ते मोघम आहे. मोघम आहे तोवर कुणी भांडत नाही, आणि जागांचे भाव वाढून एखादं मोठं रिसॉर्ट शेजारी बोअर मारेल त्या दिवशी भांडायला आपल्या हातात काही नसेल. किनोसाकीवाले भांडले, वेळेवर भांडले. आमच्या ग्रामसभांनी येत्या वर्षात हा एक विषय तरी पटलावर घ्यावा, आणि आपल्या वार्ताहरांनी तालुक्यातालुक्यातल्या कुंडांची मालकी कुणाकडे आहे ते शोधून छापावं, अशी विनंती आहे.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबत किनोसाकी म्हणून छापलेलं छायाचित्र, बर्फ आणि नदीकाठी पिवळ्या उजेडाचे गॅसचे दिवे असलेलं, किनोसाकीचं नाही. ते गिंझान ओनसेन या दुसऱ्याच गरम पाण्याच्या गावाचं आहे, किनोसाकीहून कितीतरी दूर, ईशान्येला यामागाता प्रांतात. पूर्वी तिथे चांदीची खाण होती. असल्या फोटोंपायी हिवाळ्यात तिथे इतकी झुंबड उडायला लागली की संध्याकाळी बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं घालावी लागली. आपल्या वाचकांपैकी कुणी तो फोटो बघून ओसाकाहून किनोसाकीची गाडी पकडली तर फसगत होईल, तेवढं पुढच्या अंकात छापावं.

कळावे,

एक निवृत्त ग्रामसेविका,
संगमेश्वर, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, गावात अजून राहायचं आहे.)